काटा हलत नव्हता तेव्हा

बाबा, रेल्वे कॉलनीतल्या पोट्ट्यांना तुम्ही ज्या बैठका शिकवायचे, त्या मी आता रोज सकाळी गच्चीवर करते. नातवंडं झाल्यावर, या वयात. आई असती तर आधी तिला सांगितलं असतं आणि तिने योग्य वेळ बघून तुमच्या कानावर घातलं असतं. ती सोय आता राहिली नाही, म्हणून सरळ तुम्हालाच सांगते.

शंकर नगरात यांनी घर बांधलं तेव्हा संध्याकाळनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. पुढे राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळहून आलेल्या साहेबलोकांना, त्यांच्यामागून आलेल्या दुकानांना जागा पुरेना. हे गेल्यावर मी खालचा मजला एका ऑफिसला भाड्याने दिला आणि वरच्या मजल्यावर राहायला गेले. जिना बाहेरून आहे, अरुंद आणि उभा. वर्षभरात गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं, दहा किलो वजन उतरवा, नाहीतर ऑपरेशनची तयारी ठेवा, आणि जिन्याचं घर तर सोडाच. हैदराबादहून मुलाने फोनवरच निकाल दिला. त्याला मराठी सगळी समजते, पण बोलतो हिंदीत. "मम्मी, घर बेच दो. यहाँ लिफ्ट है." भनपुरीचा एक ट्रान्सपोर्टवाला घर बघून जाण्यापर्यंत मजल गेली. मी मुलाला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. तोवर वजन उतरलं नाही तर तू म्हणशील तिथे येते.

मला वाटलं होतं, सोपं आहे. सकाळचं फिरणं माझं कधी चुकलं नव्हतं. आम्ही दोघं तळ्याकाठच्या बागेत फेऱ्या मारायचो आणि हे गेल्यावरही मी ते मोडलं नाही. चहातली साखर बंद केली, भात एक वेळेवर आणला, आणि पहिले चार किलो भराभर उतरले. मग काटा जो थांबला तो थांबलाच. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात वजनाचं मशीन आहे. मी त्याच्यावर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. दुकानदार म्हणाला, "दीदी, मशीन ठीक है. आप ही वही की वही हैं." दुकानातली सगळी माणसं हसली, मीही हसले, आणि घरी येऊन रात्रीची पोळी बंद केली. नुसतं ताक पिऊन झोपायला लागले. तरी काटा हलेना. एक दिवस भाजीची पिशवी घेऊन जिन्यात मधेच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पायरीवरच बसले. खालच्या ऑफिसातला एक माणूस पाणी घेऊन धावत आला. त्याने बोलता बोलता मुलाला फोन करायचं सुचवलं. मी त्याला जवळजवळ शपथ घातली की करू नकोस म्हणून.

तुम्ही मला सातवीनंतर घरी बसवलं, पण वाचणं काही सुटलं नाही माझं. वाचनालयातून शरीरशास्त्रावरचं एक जाड पुस्तक आणून पंधरा दिवस वाचलं. त्यात लिहिलं होतं की पोटात कमी जायला लागलं की शरीरही खर्च आवरतं घेतं. ते मला लगेच पटलं. पगार लांबणार असं कळलं की आई तेलाची पळी कशी हात आखडून धरायची, ते मी पाहिलेलं आहे. पण कारण कळून पुढे काय? मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला तिथल्याच व्यायाम शिकवणाऱ्या एका पोरीकडे पाठवलं. पोरगी माझ्या मुलाच्या वयाची असेल. म्हणाली, आधी रोज चालता तसं चालून दाखवा. मी लांब व्हरांड्यातून गेले आणि परत आले.

"आंटी, आप किसी के साथ चल रही हैं क्या?"

"नाही. एकटीच तर चालून राहिली."

"नहीं, मतलब, आप ऐसे चल रही हैं जैसे किसी के लिए रुक रही हों."

बाबा, तुमचे जावई शेवटच्या वर्षांत हृदयाच्या दुखण्यामुळे फार हळू चालायचे. मी माझं पाऊल त्यांच्या पावलाला जुळवून घेतलं होतं. थोडं चालायचं, मोगऱ्याच्या वाफ्यापाशी उभं राहायचं, त्यांना दम घेऊ द्यायचा, की पुढे. ते गेले तरी मी त्याच चालीने चालत होते. मोगऱ्यापाशी उभीही राहत होते. इतकी वर्षं लोकांना सांगत होते की माझा व्यायाम कधी चुकत नाही.

पोरीला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती हळहळली नाही, ते मला आवडलं. म्हणाली, "कल से अपनी चाल चलिए. इतना तेज कि बोलते-बोलते साँस फूले. और खाना मत छोड़िए. दाल, दही, भीगे चने खाइए. जांघों में ताकत आएगी तभी घुटना बचेगा." मग एक खुर्ची ओढून तिने तिच्यासमोर उठबस करून दाखवली, पाठ सरळ, हात पुढे. मला एकदम हसू फुटलं. ती बिचारी गोंधळली. मी म्हटलं, "अगं, हे मी जन्मभर पाहिलं आहे. चण्यासकट."

ते दिवस अजून दिसतात मला: क्वार्टरांच्या मागे तुमचा आखाडा आहे. वर्कशॉपातून सुटून तुम्ही घरी येता, चहा घेता आणि तिकडे निघता. आईने सकाळी भिजवलेल्या चण्यांचं भगुणं घेऊन मी तुमच्यामागून येते आणि दाराशी थांबते, कारण आत यायची मला मनाई आहे. आतून तुमचा आवाज येतो, "रोज तेवढंच करून राहिला तं अंगाले समजते का एवढ्यातच भागते. मंग थे काहून मेहनत करन? वाढव रे, वाढव!" तुम्ही ते पोट्ट्यांचं अंग भरावं म्हणून सांगत होता. माझं अंग उतरायला तेच कामी आलं. एकदा मी मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या धोतराच्या आड, बैठका मारत होते. मागून आवाज आला, "कंबर मोडू नको. पाठ ताठ." मी पाठ ताठ केली आणि आणखी दोन मारल्या. तेव्हा कुठे तुमच्या लक्षात आलं की समोर कोण आहे.

"काय वो, तू काहून करून राहिली हे? पोट्ट्यायचं काम आहे हे. मांड्या भरल्या तं लग्न कोण करन तुह्याशी?"

आई चुलीपाशून म्हणाली, "करन कोणी बी. पहिले तिले चणे तं खाऊ द्या. रोज नुसती वाहून राहिली."

तुम्ही न्हाणीत निघून गेलात. चणे मला त्या दिवशीही मिळाले नाहीत.

पोरीचं ऐकून पहिल्या दिवशी बागेत भराभर चालताना मोगऱ्यापाशी पाय अडखळले. यांना मागे टाकून निघाल्यासारखं वाटलं. मी चक्क वळून पाहिलं. आठवडाभर रोज वळून पाहत होते, मग नवी चाल अंगवळणी पडली. शेवटची फेरी मात्र मी अजूनही हळूच मारते, आणि ती कोणाला विचारून मारत नाही. खुर्चीवरची उठबस सोपी वाटायला लागली की मी वाढवायची, पुन्हा सोपी वाटली की पुन्हा वाढवायची. पुढे खुर्चीच काढून टाकली, पण पोरीने सांगितलं तेवढीच वाकते, पूर्ण खाली जात नाही. दोन वेळ पोटभर जेवत होते. काटा आणखी बरेच दिवस तसाच राहिला आणि मग हलला. दहा किलो काही पुरे झाले नाहीत, पण डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, सध्या ऑपरेशनची गरज नाही, जिना चढा.

दिवाळीला मुलगा आला तो घराचा सौदा पक्का करायच्या तयारीने. स्टेशनवरून आल्यावर त्याची एक बॅग मी उचलली आणि कठड्याला हात न लावता वर गेले. तो खालीच उभा राहिला. वर आला तेव्हा त्यालाच धाप लागली होती. थोड्या वेळाने म्हणाला, "ठीक है, उनको मना कर देता हूँ." मी म्हटलं, "माझ्यासमोर कर." त्याने केला फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन गच्चीवर आला आणि माझ्या बैठका बघत राहिला.

"ये किसने सिखाया आपको?"

"तुझ्या आजोबांनी."

"नाना ने? सच में? उस ज़माने में लड़की को?"

"हो. रोज घेऊन जायचे आखाड्यात."

त्याला तुमचा एवढा अभिमान वाटला की कप कठड्यावर ठेवून तोही माझ्या शेजारी उभा राहिला. बाबा, मी त्याला खोटं सांगितलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.