तू काढलेली एक ओळ

प्रिय विश्वेश,

मोबाइलवर पाठवलं असतं तर तू पहिल्या दोन ओळी वाचून पुढे सरकला असतास, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्र तुझ्या आईकडे न देता तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. सावकाश वाच. कोड वाचताना मधलं सोडून थेट शेवट बघायची तुझी खोड मला माहीत आहे, ती इथे नको.

आधी घरची खबर. बाबा रामकुंडावर बसायचे थांबले त्याला अकरा महिने झाले. अजूनही पाचला उठतात, अंघोळ करतात, धोतर नेसतात आणि मग गॅलरीत खुर्ची टाकून बसून राहतात. आईने किराणामालाची यादी वाचून दाखवा म्हटलं तर कागद तिच्याच हातात ठेवतात. चाळीस वर्षं ज्या माणसाने घाटावर लोकांच्या पिढ्यान् पिढ्या खणखणीत आवाजात वाचल्या, तो आता गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरंसुद्धा मनातल्या मनात वाचतो. शेजारच्या गुरुजींनी मध्यंतरी आग्रहाने बोलावलं, तर म्हणाले, माझ्या तोंडून आता कुणाचं नाव निघायला नको. मला त्यांची घाटावरची पत परत हवी आहे. दुसरं काही नको. तू तर नकोच नको.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून सहा वर्षं तू आमच्या घरी जेवलास. आई तुझ्यासाठी वेगळी, बिनमिरचीची आमटी काढून ठेवायची. बाबांनी वह्यांचं कपाट पहिल्यांदा उघडून दाखवलं ते तुलाच. कुठल्या गावचं, कुठल्या आडनावाचं घर नाशिकला येऊन गेलं, कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं आजोबा-पणजोबांच्या अक्षरात. हे मोबाइलवर आणू या, ही कल्पना माझी होती. बोलणं सगळं तुझं होतं, कारण तुला बोलता येतं. घाटावरचे बाकीचे गुरुजी तयार नव्हते. बाबांनी, त्यांच्या बाळाजींनी, वह्या दिल्या म्हणून मग त्यांनीही दिल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस आमच्याच पाटावर बसला आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी तर तुझ्याशी लग्न करायला निघाले होते.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी काय घडलं ते तुला माहीत आहे. तरी तू जे सगळीकडे सांगितलंस ते नाही, जे घडलं ते लिहिते. नामपूरचे देवराम श्राद्धाला आले होते. खरं तर मान थोरल्या भावाचा, वाल्मीकअण्णांचा. पण ते इथेच नाशिकला दवाखान्यात होते, छातीचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून धाकटा बसला आणि वाल्मीकअण्णांच्या पत्नी, कुसाबाई, मागे बसल्या. सुरुवातीलाच देवरामांनी घरात झालेल्या नव्या नातवाचं नाव घालायला सांगितलं. बाबांनी ॲपमध्ये कुळाचं पान उघडलं. त्यात जिवंत आणि गेलेली, सगळी माणसं असतात. नाव घातलं, 'पूर्ण' दाबलं. मग पितरांचं पान उघडलं, त्यात फक्त गेलेली. दोन्ही पानं दिसायला सारखीच, कारण वेगळा रंग तुला गावंढळ वाटला होता. यादी अर्ध्यात आली आणि फोन वाजला. बाबांनी तो कापला आणि यादीकडे परत यायचं म्हणून मागे जायचं बटण दाबलं. समोर आलं ते मघाचं कुळाचं पान. त्यात नुकत्याच वाचलेल्या काशिनाथ या नावाखाली त्यांच्या थोरल्या मुलाचं, वाल्मीक होतं. त्या दिवसातलं ते सतरावं श्राद्ध. बाबांनी ते नाव उच्चारलं आणि देवरामांच्या हातून तीळपाणी सुटलं.

कुसाबाई ओरडल्या नाहीत. मना मालक जित्ता शे महाराज, एवढंच म्हणाल्या आणि तोंडात पदर धरून उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत घाटभर झालं की बाळाजींनी जिवंत माणसाला पितरांत बसवलं. वाल्मीकअण्णा त्यातून बरे होऊन घरी गेले, तरी बोलणारे बोलतच राहिले.

मग गुरुजींची बैठक बसली आणि तू उभा राहिलास. ॲपमध्ये काही दोष नाही, काकांचं वय झालंय, चुकीचं बटण दाबलं गेलं. काका म्हणालास, वर हात जोडलेस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, पण त्या दिवशी मला चोर दिसला नाही. माझा तुझ्यावर विश्वास होता. मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. तरीही परत येताना मी त्यांना रिक्षात विचारलं, बाबा, तुम्ही नक्की नीट बघितलं होतं ना? हा प्रश्न मी विचारला याचा राग मला तुझ्याइतकाच माझाही येतो.

त्यानंतर मी शोधायला बसले. ॲपमधली पानं ताटांच्या चळतीसारखी असतात, हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगते, कारण हा भाग तू मोठ्याने वाचून दाखवावास अशी माझी इच्छा आहे. नवं पान उघडलं की ते वर बसतं. मागे गेलं की वरचं निघतं आणि खालचं दिसतं. काम पूर्ण झालं की खालची चळत उचलून टाकायची असते. तसं झालं की मागे गेल्यावर थेट पहिलं पान येतं, गावांच्या नावांचं. बाबांसमोर गावं आली असती तर ते जागीच थांबले असते. चळत उचलणारी ती ओळ मी स्वतः लिहिली होती. म्हणूनच मला काही उमगत नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर शंभरदा करून पाहिलं, दर वेळी गावांचंच पान यायचं. पहिले तीन महिने मी नुसती साप साप म्हणून भुई धोपटत होते. कधी फोनच्या कंपनीला दोष दे, कधी मधे आलेल्या कॉलला.

संक्रांतीच्या आवराआवरीत आईला बाबांचा तो जुना फोन सापडला. दर्भाच्या पिशवीत, पंच्यात गुंडाळून ठेवलेला. त्या दिवसानंतर त्यांनी तो चालूच केला नव्हता, त्यामुळे त्यात ॲप होतं ते त्या दिवशीचंच. मी चार्ज केला, नेट लावलं नाही, कुळाचं पान उघडलं, पूर्ण दाबलं, पितरांचं उघडलं. आईने स्वयंपाकघरातून फोन लावला, मी कापला आणि मागे गेले. कुळाचं पान आलं. आई म्हणाली, परत कर. पाचदा केलं, पाचही वेळा तेच. ती ओट्याला टेकून रडायला लागली. मला रडू आलं नाही, कारण मला कोडची नोंद बघायची घाई होती.

माझा पासवर्ड बंद करायला तू विसरलास. आळशी माणसाने खोटेपणा करू नये. कुणी कधी काय बदललं ते त्या नोंदीत तारखेसकट असतं. पितृपक्षाच्या महिनाभर आधी माझी ओळ निघाली आहे, तुझ्या नावाने. शेजारी तुझीच टीप: मुंबईच्या पाहुण्यांना दाखवताना मागे गेल्यावर भरलेली यादी दिसायला हवी. पाहुण्यांपुढे मिरवायला तू ती काढलीस, मला विचारलं नाहीस. एवढंच असतं तर मी भांडले असते आणि कदाचित विसरलेही असते. पण त्याच्याखाली आणखी एक नोंद आहे. घाटावरच्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, तू ती ओळ परत घातलीस. टीप: किरकोळ दुरुस्ती. आणि बैठक त्याच दिवशी दुपारी होती. म्हणजे हात जोडून काका म्हणालास तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

बाबांना मी सगळं दाखवलं. फोन हातात घेऊन ते म्हणाले, पण उच्चारलं तर मीच ना. बाबांना हे माझ्याकडून कळून उपयोग नाही, आणि घाटावर मुलीचं कोण खरं मानणार, विश्वेश. ज्या जागेवर त्यांच्याबद्दल खोटं बोललं गेलं, तिथेच ते खोडलं जायला हवं.

गेल्या मंगळवारी तुझे वडील, अण्णा, गेले. मला त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त जीव लावला, त्यांच्यासाठी मी रडले. परवा तू बाबांना फोन केलास. बाराव्याला अण्णांना त्यांच्या पितरांत मिळवायचं, तर त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची नावं लागतात, आणि तुला त्यांच्या वडिलांच्या पुढचं एकही माहीत नाही. वह्या ॲपमधून सगळ्यांनी कधीच काढून घेतल्या. तुमच्या घराची वही एकच आहे, आमची. बाबा हो म्हणाले, गेलेल्या माणसाचा काय गुन्हा म्हणाले. ते मोठे आहेत. मी नाही. वही माझ्या कपाटात आहे आणि शनिवारी, बाराव्याला, सकाळी आठला मी ती घेऊन रामकुंडावर येईन. नामपूरला जाऊन मी वाल्मीकअण्णांना आणि कुसाबाईंना बोलावून आले आहे, दोघंही येत आहेत. सगळ्या गुरुजींनाही सांगितलं आहे. त्या सगळ्यांसमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग की ओळ तू काढलीस, तुला कळलं होतं, आणि तरी तू ते बाळाजीगुरुजींवर ढकललंस. मग मी वही उघडेन. नाही सांगितलंस, तर अण्णांच्या आजोबांचं नाव तुझ्या ॲपला विचार.

बाळाजीगुरुजींची मुलगी, एकेकाळी तुझीच,
आभा