बेडकाचे पाय

विनय,

गाडी घेऊन शैलाकडे एडिसनला जातेय. आमटी फ्रीजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

काल लायब्ररीत मी आपली बेडकाची गोष्ट वाचली आणि मुलं हसली, म्हणून तू खूश आहेस. पण ती तुझ्या चित्राला हसली. "मुका नंतर, आधी पाय धुऊन ये," असं राजकन्या बेडकाला म्हणते, ते वाक्य मला पोळ्या लाटताना सुचलं होतं. तू बेडकाला किचन सिंकमध्ये पाय घासत बसवलंस. मी पान उलटलं आणि तोंड उघडायच्या आत सगळी खिदळली. माझं वाक्य कोणी ऐकलंसुद्धा नाही. वर ती लायब्ररीतली बाई मला विचारते, गोष्टपण तुमच्या मिस्टरांचीच का?

ते वाक्य मी खोडलंय. चित्र राहू दे, ते जास्त चांगलं आहे. हे मी तोंडाने म्हणणार नाही.

पण गोष्टीतल्या राहिलेल्या लग्नाच्या पानाला ब्रश लावायचा नाही. तिथे फक्त माझे शब्द. पुढच्या शनिवारी लायब्ररीत त्या शब्दांना कोणीच हसलं नाही, तर मग खाली कोपऱ्यात बेडूक काढ. लहानसा.

वसुधा