एक एप्रिलनंतरची गाडी

१२ जानेवारी
लालसू येऊन गेला. धानोऱ्याच्या पुढे जंगलात त्याची संस्था आहे — दवाखाना म्हणे. धुरपताच्या गावातच. तिनंच आणलं त्याला, नाहीतर मी कशाला दारात उभं करते! त्यांची पेशंट नेणारी जीप मोडली. गावात टॉवर नाही, फोन लागत नाही, म्हणून गाडी गावातच उभी पाहिजे. नऊ लाख. मी म्हटलं, देते. लगेच म्हटलं, आढेवेढे नाही. ह्यांच्या नावानं. दारावर लाल अक्षरात नाव पाहिजे — 'स्मरणार्थ', आणि खाली माझं. पॅन नंबर लिहून नेला त्यानं. धुरपता दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. अठरा वर्षं झाली या घरात कामाला, रडणं काही गेलं नाही.

३ फेब्रुवारी
धुरपताची पोरगी दीपिका आठव्या महिन्यात आहे. अंगात सिकलसेल. रक्त कमी, केव्हाही चढवावं लागते. डॉक्टरनं मार्चअखेरची तारीख दिली. 'बाई, गाडी तेवढ्यात येऊन जाईन न?' मी म्हटलं, येईल ना. मार्च म्हणजे मार्च. सगळे मार्चमध्येच देतात.

१९ फेब्रुवारी
आमचा एक ट्रक वणीच्या रस्त्यावर बंद पडला. डोकं उठलं. धुरपतानं भाजीत मीठ दोनदा टाकलं — लक्ष कुठे असतं हिचं!

११ मार्च
लालसूचा फोन. धानोऱ्याला आला की करतो. शोरूमवाला म्हणतो, पैसे जमा झाले की चार दिवसांत गाडी. 'बाई, पंधरा तारखेपर्यंत झालं तं बरं होईन.' मला तारखा सांगतो! देणारी मी, तारीख ह्याची.

१८ मार्च
बरं झालं दिनेशला विचारलं. आमचा सीए, पोरगा हुशार आहे. म्हणाला, 'बाई, घाई नका करू. यंदा दोन ट्रक उभेच राहिले, नफा कुठे आहे? देणगी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतच धरतात. नऊ लाख दिले तर अर्धे वाया. पुढच्या वर्षी सिमेंटचं काम आहे, उत्पन्न वाढेल. एक एप्रिलनंतर द्या, पूर्ण रक्कम बसेल.' तेरा दिवसांचा तर प्रश्न! तेवढ्यानं लाखभर वाचतात. मी नाही तर कोण बघणार — हे गेल्यापासून आठ ट्रक मी एकटी ओढते आहे, कोणी फुकट दिलं नाही मला.
लालसूचा फोन आला तेव्हा कळवलं. 'बरं बाई' म्हणाला. आवाजात नाराजी होती. नऊ लाख घेणाऱ्याला नाराजी!

२१ मार्च
धुरपतानं आज पिच्छाच पुरवला. पोळ्या लाटता लाटता — 'बाई, एप्रिल काऊन? दीपिकाचे दिवस भरत आले.' मी सांगितलं, टॅक्स असतो, तुला नाही कळणार. 'सांगून तं पाहा.' शेवटी ओरडले — 'अगं, पावतीचं असते सगळं! पावतीचा मेळ बसला की पैसे सुटतात!' ती लाटणं धरून उभी. 'म्हंजे पावती आली का पैसे सुटते?' हो गं बाई, हो! तेच! — एकदाचं तोंड बंद व्हावं म्हणून म्हटलं. तर म्हणते, 'तेंदूच्या फडीवर बी तसंच राह्यते. कार्ड दाखवलं का मुन्शी पैसे सोडते.' आता हिच्या तेंदूपत्त्याचं आणि माझ्या इन्कम टॅक्सचं काय नातं! हसूच आलं.

२३ मार्च
दोन दिवसांची सुट्टी मागितली, गावाला जायची. दिली. पगारातून कापीन म्हटलं, मान हलवली.

२५ मार्च
आली संध्याकाळी. एसटीनं अंग मोडलं असेल पण चेहरा फुललेला. कान मोकळे — ती जुनी सोन्याची फुलं, लग्नातली, कधी काढत नव्हती. प्रवासात चोरीमारी नको म्हणून काढली असतील, मी विचारलं नाही. कसलासा कागद पुढे करत होती. 'बाई, पाहा न, धानोऱ्यावरून आणला.' मी डिझेलची बिलं लावत होते, वर तरी कशी बघणार? 'टॅक्सच्या फाइलीत टाक,' म्हटलं. लालसूचं काही विनंतीपत्र असणार. टाकला तिनं. दोन्ही हातांनी, देवापुढे फूल ठेवावं तसा.

२७ मार्च
सकाळी चहा ठेवून उभीच राहिली. 'बाई, आता तं पावती आली न. सुटले का पैसे?' काय बरळते! कुठली पावती? पैसेच दिले नाहीत तर पावती कुठून येईल? कामाला लाग म्हटलं. दुपारी पुन्हा तेच. मग मात्र झापली चांगली. 'एक तारखेच्या आत नाव काढलंस तर गाडीच रद्द करीन!' अशांना असंच लागतं.

२८ मार्च
दीपिकाच्या पोटात दुखते आहे असा निरोप आला, गावातला कोणी घुग्घुसला कामावर आला होता, त्याच्याकडून. धुरपता म्हणाली, 'तुमची गाडी दोन दिवस तिथी ठेवता का बाई? डिझेलचं मी भरीन.' माझी इनोव्हा! त्या नाल्याच्या रस्त्यानं! ड्रायव्हर पाडव्याला मला नागपूरला न्यायला हवा, सोन्याच्या शोरूममध्ये. नाही म्हटलं. ती जाते म्हणाली. म्हटलं, पाडव्याचं पुरण कोण घालणार? तीस तारखेला जेवणं उरकली की जा. थांबली.
थांबली म्हणजे तिला तरी एवढी घाई नव्हतीच.

३० मार्च, पाडवा
पुरण छान झालं होतं.
अकरा वाजता लालसूचा फोन, धानोऱ्यावरून. रात्री कळा आल्या. बैलगाडीनं नाल्यापर्यंत आणली, पुढे कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर. दीपिका वाटेतच गेली. बाळही गेलं, पोटातच. मी म्हटलं, अरेरे. दुसरं काय म्हणणार! धुरपता कढईपाशी होती. सांगितलं तिला. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, 'पावती तं आणली होती बाई.' एवढंच. चप्पल घालून निघाली. ड्रायव्हरला स्टँडवर सोडायला सांगितलं मी, तेवढं तर केलंच.
नागपूरला जायला उशीर झाला.

३१ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही. मी काय केलं? नऊ लाख देतेच आहे. सरकारी नियम मी नाही केले. सिकलसेल मी नाही दिला. गाडी असती तरी वाचली असती याची खात्री कोण देतो?

२ एप्रिल
नऊ लाख पाठवले. दिनेश म्हणाला, परफेक्ट, नव्या वर्षाची पहिली एन्ट्री. लालसूनं 'मिळाले' एवढंच लिहून पाठवलं. आभार नाही, काही नाही. मी विचारलं, नावाचं लक्षात आहे ना, लाल अक्षरात? 'आहे,' म्हणाला.

७ एप्रिल
जीप आली. फोटो पाठवला. ह्यांचं नाव झकास दिसते. मागे बायका उभ्या आहेत, कोणीच हसत नाही. त्यात धुरपता शोधली. काठाला होती, गाडीकडे पाठ करून.

९ एप्रिल
धुरपता आली नाही. निरोपही नाही. नवीन बाई बघितली, पोळ्या जाड करते. अठरा वर्षं माझ्या हाताखाली राहिली, माझ्या पोराला तिनंच न्हाऊमाखू घातलं, आणि साधं सांगून जाता येत नाही! राग येतो. रात्री झोप लागत नाही तेही तिच्यामुळेच.

११ एप्रिल
दिनेशचा फोन. फाइलीत संस्थेची एक पावती निघाली म्हणे — माझ्या नावाची, माझा पॅन, तारीख पंचवीस मार्च. एकवीस हजार, रोख. 'हे केव्हा दिले बाई? रोख दोन हजारांच्या वर धरत नाहीत. आपल्या काही कामाची नाही. टाकून देऊ?'
मी दिले नव्हते. धुरपताच्या कानात होते ते.