निजाम गेला त्या वर्षीची गोष्ट

सर, परवा आपल्या गावी, निर्ण्याला गेले होते. आपल्या शाळेची पत्र्याची खोली आता नाही, तिथं दोन मजली इमारत झाली आहे. तरी दारात उभी राहिले आणि बाह्या दुमडून फळ्यापाशी उभे असलेले तुम्ही मला दिसलात. शाळेत तुम्ही सर, घरी मात्र मामा. दर रविवारी सायकलवरून आमच्याकडं यायचात. माझी अव्वा, म्हणजे आजी, तुमच्यासाठी अंबाडीची भाजी राखून ठेवायची आणि भाकरी वाढता वाढता तुमच्यावरच चिडायची, "इतका कामून वाळायलास? घरी खायालास का न्हाई?" सगळी शाळा ज्यांना घाबरायची ते तुम्ही खाली मान घालून "व्हय अव्वा" म्हणायचात. लिंगायताच्या घरात मुसलमान मामा कसा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मामा होता, बस्स.

मग सातवीत तो धडा आला, निजामाचं राज्य कसं गेलं त्याचा. तुम्ही वाचत होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, तुमी तवा निजामाच्या बाजूनं होता काय?" तुम्ही पुस्तक मिटलं आणि टेबलाच्या कडेला टेकलात. तुम्हाला असं टेकलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"मी तुमच्यापेक्षा लहान होतो," तुम्ही म्हणालात. "रझाकारीचे दिवस. बंदुकीवाले गावात यायचे, आमच्या धर्माचं नाव घ्यायचे आणि हिंदूंची घरं लुटायचे. शेजारची बाई लेकरं घेऊन आमच्या घरात लपली. माझे अब्बा दारात उभे राहिले. म्हणाले, आत माझीच माणसं हायती. बंदुकीवाले गेले निघून. पुढं फौज आली, निजामानं हार मानली, गावात झेंडे लागले. मग दुसरे आले, कुऱ्हाडी घेऊन, मुसलमानांची घरं हुडकत. अब्बा शेतात होते. ते परत आले न्हाईत. अम्मी तर आधीच गेलेली. त्या बाईनं मला घरात ओढलं, कपाळाला विभूती फासली. त्यांनी विचारलं, हे पोरगं कुणाचं? ती म्हणाली, माझं."

कुणीतरी हळूच विचारलं, "ती बाई कुठं हाय, सर?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही. "हाय की. अजून मला रागवती."

मग उठून म्हणालात, "फौजेनं निजामाला हटवलं असं पुस्तकात हाय, आणि ते खरंच हाय. पण शेजारी शेजाऱ्याला भ्यायला लागला, तवाच ते राज्य गेलं होतं."

संध्याकाळी घरी आले तर अव्वा सुपात तुरीची डाळ निवडत बसली आहे. मी विचारते. तिचे हात थांबत नाहीत. "सांगितलं व्हय त्यानं? बरं झालं," एवढंच म्हणते. मग डाळीतला खडा वेचून टाकते आणि बोलते, "लई दिवस दारातच बसायचा. शेताच्या वाटंकडं बघत."

पुढच्या रविवारी तुम्ही जेवताना मी सारखी बघत होते. तुम्ही नेहमीसारखाच कांदा फोडून मागितलात. अव्वा गेली तेव्हा, आमच्यात पुरतात म्हणून, खड्ड्यात उतरून तिला घेणाऱ्यांत माझ्या वडिलांच्या शेजारी तुम्ही होता. कुणी अडवलं नाही, कुणाच्या मनातही आलं नसेल.

मीही गुलबर्ग्याला इतिहासच शिकवला. हा धडा आला की पुस्तक मिटायचे आणि तुमची गोष्ट सांगायचे. परवा निर्ण्यालाही वर्गातल्या मुलांना तीच सांगितली. संपल्यावर पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, त्या अब्बांचं नाव काय होतं?"

सर, इतकी वर्षं तुम्ही आमच्या घरी जेवलात, इतकी वर्षं मी त्यांची गोष्ट सांगत आले. त्यांचं नाव मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. आता तुम्हीही नाही, ते सांगणारं कुणी उरलं नाही.