मागं लावलेलं प्लस प्लस

१६ फेब्रुवारी, सोमवार
आण्णांनी परस्पर ठरवलं. दोन मार्चपासनं इचलकरंजीत मामाच्या लूमवर जायचं. बारावीत तीन वर्षं काढली, आता कुठं डोकं चालाय लागलंय तर हे! तडक तालमीच्या आकाराम वस्तादांकडं गेलो. म्हटलं, रविवारी आपल्या तालमीच्या टीमची फुटबॉलची फायनल, स्कोअर वेबसाइटवर लाईव्ह लावतो. मैदानावर न येणाऱ्यांनी तालमीतल्या टीव्हीवर बघायचा. वस्ताद म्हणाले, नीट चालला तर तालमीचं कॉम्प्युटरचं काम तुझं, आण्णाला मी सांगतो.

१७ फेब्रुवारी
वेबसाइटसाठी PHP नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकलो. पाऊण तास लागला. ++ म्हंजे एक वाढवायचा, -- म्हंजे एक कमी करायचा. एवढ्यासाठी पोरं चार वर्षं इंजिनिअरिंग करत्यात.
समोरच्या टीमसाठी गुपचूप -- चं बटण ठेवलंय. त्यांचा कृष्णात लई उडतोय.

१८ फेब्रुवारी
बारकी अडचण. गोलचं बटण पहिल्यांदा दाबलं की शून्यच दिसतंय. दुसऱ्यांदा दाबलं की एक. त्यात काय, आण्णांच्या गाडीलाबी दोन किका लागत्यात. मॅचआधी एक किक मारून ठेवायची. विषय संपला.

१९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. आत्याची पूर्णिमा आलती. इंजिनिअरिंगला हाय, न विचारता कोड वाचला. म्हणाली, दादा, ++ मागं लावलायस, ते आधी जुना आकडा दाखवतंय, मग वाढवतंय. फुडं लाव की. मी म्हटलं, बाई, अनुभव म्हणून काय असतंय का न्हाय?

२१ फेब्रुवारी
-- ची बातमी वस्तादांना कळली. कुणी सांगितली? मीच. फुशारकीत. म्हणाले, उद्या खोटा आकडा दिसला तर तालमीची पायरी चढू नगंस. शपथ घेतली. -- ला बोट लावणार न्हाय.

२२ फेब्रुवारी, दुपारी ३
मैदानावर. आपल्या टीमच्या बटणाला एक किक मारून ठेवली. त्यांना कशाला? त्यांचा गोल हुतोय कुठं.

संध्याकाळी ७
आमचा गोल. दाबलं. एक! मग त्यांनी बरोबरी केली. तेबी दाबलं, पण स्क्रीन बघितला न्हाय. बघवंना. शिट्टी, टायब्रेकर, हरलो.
तिकडं पेठेत, तालमीतल्या टीव्हीवर १-०च. शिट्टीची वेळ झाली तशी गुलाल, हलगी सुरू. टीम खाली मान घालून आली, तर वस्तादांच्या आई अंबूबाईंनी गोलकीपरला ओवाळलं. तो रडाय लागला. बायका म्हणाल्या, आनंदानं.

२३ फेब्रुवारी
समदी म्हणत्यात, -- दाबलंस. आयुष्यात पहिल्यांदा खोडी काढली न्हवती, त्यातच सापडलो. शेवटी पूर्णिमानं वस्तादांना कोड दाखवला, त्यांचं बटण पहिल्यांदाच दाबलं म्हणून शून्यच दिसलं. म्हणाली, दादा लबाड न्हाय, ढ हाय.
वस्ताद म्हणाले, लबाड असता तर कामाला ठेवला असता.

२ मार्च, इचलकरंजी
लूमला मीटर हाय. कापड किती झालं ते आपोआप मोजतंय. माझं काम, तो आकडा खडूनं पाटीवर लिहायचा. मामा दोनदा येऊन सांगून गेला, नुसता बघ आणि लिव्ह. वाढवाय जाऊ नगंस, त्याचा तो वाढतोय.