टेबलाला हात लावू नये

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींना झोप लागते का? (दुपारची नव्हे, ती लागतेच.) तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत.

मी चित्रकलेच्या वर्गाला जातो. हसून घे. बत्तीस वर्षं बस चालवली, आणि निवृत्तीनंतर बायकोला स्वयंपाकघरात ‘जरा डावीकडून घे’ असं सांगायला लागलो, तेव्हा तिनेच माझं नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई आपल्या लेकींच्या वयाच्या. म्हणाल्या, घरातल्या चार वस्तू मांडा आणि स्थिरचित्र काढा. म्हटलं, सोपं आहे, वस्तू काही सिग्नल तोडून पळत नाहीत.

जेवणाच्या टेबलावर दोन सफरचंदं, पाण्याचा जग आणि बायकोचा कप मांडला, आणि टेबलाला कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवू लागलो. दुसऱ्या दिवशी जावई आले आणि त्यांनी एक सफरचंद खाल्लं (जावईच ते, बोलणार काय? दुसरंही कापून दिलं). नवी आणली, तर त्यांचा आकार निराळा. पेन्सिलीला टोक काढेपर्यंत जगाची सावली सरकलेली. दहाव्या दिवशी सफरचंदाला सुरकुत्या. मी बाईंकडे तक्रार केली, की वस्तू स्थिर राहत नाहीत.

“त्या कधीच नसतात, काका,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर काढायच्या. आहेत तोवर.”

घरी येऊन पुन्हा बसलो, तेव्हा कपाला कान नाही हे दिसलं. बायकोला विचारलं, कधी तुटला? “सहा वर्षं झाली,” ती म्हणाली. सहा वर्षं ती तो फडक्याने धरून माझ्यासमोर चहा पितेय. मी जन्मभर आरशात मागच्या गाड्या पाहिल्या, समोरचं माणूस पाहायचं राहून गेलं.

चित्र फसलं. कप बटाट्यासारखा आलाय. पण बायकोने ते बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, “कान नाही ना, मग माझाच.”

तुझा,
धाकटा

ता. क. आईची पितळी किटली, जिच्या वाटणीवरून आपण बोलणं टाकलं, ती मी मागत नाहीये. ती तुझीच. मला फक्त काढायची आहे.

आणखी एक ता. क. पार्सलने पाठवू नकोस, पोचा येईल. स्वतः घेऊन ये. माझा हात मंद आहे, एका किटलीला महिना सहज लागेल, तेवढं राहावं लागेल. किटलीशेजारी माणूस बसलं तर त्याला स्थिरचित्र म्हणत नाहीत, असं बाई सांगतात. न म्हणेनात.