गोमूच्या तोंडाला ओले काजू

ती. सौ. विमलावन्सं यांस नम्रताचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक आहे, तुमच्या धाकट्या बंधुराजांचं तोंड सोडून. ते भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखं झालंय (कमीच सांगतेय).

तुम्हाला ठाऊक आहेच, माझं लग्न झाल्यापासून दर शिमग्याला आपल्या गावच्या खेळ्यांच्या नाचात बाईच्या वेशातली गोमू तेच होतात. साडी मी नेसवते, आंबाडा मी घालते, आणि अंगणाअंगणात संकासुराबरोबर नाचून टाळ्या ते घेतात. यंदा मंडळाच्या गंगारामने सगळ्यांसमोर सांगितलं, “दादानू, गोमू आता संकासुराची आयस दिसाया लागली.”

झालं! बंधुराजांनी जेवण टाकलं आणि मोबाईल उचलला. आधी लिंबू आणि खायचा सोडा. सुरकुत्या जागच्या जागी, तोंडाची मात्र अशी आग झाली की ओटीवर पंख्यासमोरून हलेनात. मग अंड्यातलं पांढरं. ते वाळल्यावर बोलता येईना (तेवढाच घराला आराम), आणि मांजर मागे लागलं ते वेगळंच. व्हिडिओतली बाई म्हणते, घरचं आहे म्हणजे अपाय नाही. अहो, चुलीतला निखाराही घरचाच असतो!

शेवटी ओल्या काजूंचं दूध. काजूच्या सालीचा चीक भाजतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. यांनाही कळतं. म्हणून तर हातांना खोबरेल चोपडून, शहाण्यासारखे बसून काजू सोलले, वाटले, आणि त्याच चिकाने माखलेल्या हातांनी ते दूध तोंडाला चोळलं. खोबरेल हातांना, चीक तोंडाला! हात अगदी मऊ आहेत हो. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि सुनावलं, असल्या लेपांनी सुरकुती जात नाही, कातडी मात्र जाते. त्यावर हे विचारतात, “शिमग्यापर्यंत गाल ताठ होतील ना?” मी तिथेच कपाळाला हात लावला.

गंगारामने तोडगा काढला. संकासूर व्हा म्हणाला, काळ्या मुखवट्यात तोंड दिसतच नाही. तर हे रुसले. तोंड झाकून नाचायचं तर लोकांनी बघायचं काय, म्हणे. वन्सं, माझा राग आहे तो आहेच. पण काल त्यांनी गोमूची साडी स्वतः घडी घालून माझ्या हातात दिली, तेव्हा ती कपाटात न टाकता मी हे पत्र लिहायला बसले.

तुमची,
नम्रता

ता. क. तुमच्या विनीतला शिमग्यासाठी रजा मिळेल का? भाचा गोमू होणार असेल तर मी संकासूर होतो, एवढं त्यांनी कबूल केलंय. दुसऱ्या कुणाला ती साडी द्यायला तयार नाहीत. कृपा करून पाठवा त्याला.

आणखी एक. विनीतचं तोंड मामाच्या हाती लागू देणार नाही, हा माझा शब्द. भाच्याला उजळवायला म्हणून त्यांनी आणलेले ओले काजू मी उसळीत ढकललेत. मूठभरच बाजूला ठेवलेत, माझ्या मानेसाठी. मी सोलून झाल्यावर हात साबणाने धुतले.